लिंबू थांबलं पाहिजे

इरा आणि निनाद,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर निनादने विचारलं, "आजी, आत्याआजीला चालता येत नव्हतं म्हणून ती सॅड असायची का?" मी नुसतं 'नाही रे' म्हटलं आणि विषय बदलला. मेलबर्नला तुमची झोपायची वेळ झाली होती. पण एवढ्या उत्तरावर भागेल असा तो प्रश्न नव्हता. तुमच्या आजोबांची धाकटी बहीण विजू जाऊन अजून महिनाही झालेला नाही. आत्ताच लिहिलं नाही, तर पुढे मी तिला फार गोड करून टाकेन अशी मला भीती वाटते. माणूस गेलं की घरचे त्याचे कंगोरे घासून गुळगुळीत करतात. तिचे कंगोरे तुम्हाला मिळाले पाहिजेत.

जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे हे इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, आणि तुम्हालाही वाचायला सोपं गेलं असतं. पण तिच्याशी मी इंग्रजीत कधी भांडले नाही. तेव्हा हे मराठीतच राहू दे. अडेल तिथे आईला विचारा.

आता तुम्ही दोघं इथे बाजूला बसा आणि ऐका. मी तिच्याशी बोलते.

विजू,

तू गेल्यावर लोक भेटायला येऊ लागले, तेव्हा पहिला घोटाळा जेवणाच्या टेबलापाशी झाला. शेजारच्या भाटिया आंटींनी पाहिलं की टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला खुर्चीच नाही. त्यांना वाटलं, गर्दीत कोणीतरी उचलून नेली असेल. त्यांनी आतून एक खुर्ची आणली आणि त्या जागी नीट सरकवली. बिचाऱ्यांचं काय चुकलं? त्या बाजूला तू तुझी चाकांची खुर्ची घेऊन यायचीस, म्हणून तिथे लाकडी खुर्ची आम्ही कधी ठेवलीच नव्हती. मी सगळ्यांसमोर उठले, ती खुर्ची ओढून काढली आणि परत आत नेऊन ठेवली. भाटिया आंटी माझ्याकडे बघत राहिल्या. इतरांच्या घरी माणूस गेलं की एक खुर्ची रिकामी राहते. आपल्याकडे ती मोकळी जागा पहिल्यापासूनच होती. आता तिथे कोणी येत नाही, एवढाच फरक.

सगळं घर अजून तुझ्याच उंचीचं आहे. दिव्यांची बटणं माझ्या कमरेपाशी, न्हाणीघरातला आरसा इतका खाली की त्यात मला माझी हनुवटी आणि गळाच दिसतो. फरीदाबादचा हा फ्लॅट घेतला तेव्हा तू सुताराला खोलीखोलीतून फिरवत होतीस. मी म्हटलं होतं, "अगं, आम्ही दोघं उभी माणसं आहोत, आम्हाला काय वाटेल?" तू म्हणालीस, "वाकता येतं ना तुम्हाला? मग वाका." हे वाकले, मीही वाकले. आता हे नाहीत, तू नाहीस, आणि मी रोज सकाळी वाकून आरशात केस विंचरते. कोणी म्हणालं की मावशी, आरसा वर घेऊन देऊ का, तर मी अजून हो म्हटलेलं नाही.

मी लग्न होऊन दिल्लीत आले, तेव्हा मामंजींच्या सरकारी क्वार्टरमध्ये तू दारात कुबड्या टेकून उभी होतीस. पुण्याहून निघताना आईने बजावलं होतं की नणंदेला मान देऊन बोल. म्हणून मी तुला 'वन्सं' म्हटलं. तू मागे वळून पाहिलंस, जणू मागे कोणी म्हातारी उभी आहे. "वन्सं कोण? अगं, मला एकदम नऊवारी नेसल्यासारखं वाटलं. विजू म्हण. आणि अहोजाहो नको, बाहेर हिंदीत सगळे 'आप आप' करून जीव घेतातच." त्या दिवसापासून आपण 'अगं तुगं'वर आलो आणि त्याच दिवसापासून भांडायलाही मोकळ्या झालो.

तुला आठवतं, माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची ती निवडणूक? तुझं ते पहिलंच मत. मतदान शाळेत होतं आणि दाराशी उंच पायऱ्या होत्या. यांनी नेहमीप्रमाणे तुला पाठुंगळी घेतलं. लहानपणापासून ते तुला असेच नेत आलेले, शाळेत, बसमध्ये, करोल बागेत कापड घ्यायला. तुझे दोन्ही हात त्यांच्या गळ्यात होते, मी मागे तुझ्या कुबड्या धरून. टेबलाशी बसलेल्या बाबूने नाव वाचलं, मान वर न करता समोर दिसला तो हात धरला आणि शाई लावली. ती शाई लागली यांच्या बोटाला.

"भाईसाहब, वोट इनका है," मी म्हटलं.

"तो आप कौन हैं?" त्याने यांना विचारलं.

"मैं तो गाड़ी हूँ," हे म्हणाले, आणि सगळी रांग हसली.

बरीच वादावादी झाल्यावर तुझ्याही बोटाला शाई लागली आणि मतपत्रिका मिळाली. पण मग यांची पाळी आली तेव्हा बाबू म्हणाला, तुमच्या बोटाला शाई आहे, तुमचं झालं. ते मत न देताच घरी आले, आणि जन्मभर हा किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगत राहिले. सगळे हसायचे. तू कधीच हसली नाहीस. त्याच दिवशी जेवताना तू वरणभातावरून मान वर केलीस आणि म्हणालीस, "दादा, यापुढे मला उचलायचं नाही. न विचारता तर नाहीच नाही."

त्यांना ते लागलं. जेवण टाकून ते उठून बाल्कनीत गेले. मला त्या वेळी तू कठोर वाटलीस. भाऊ इतक्या प्रेमाने उचलतो आणि ही असं बोलते! मी ते तुला बोलूनही दाखवलं. तू एवढंच म्हणालीस, "वहिनी, तो प्रेमाने उचलतो हे मला माहीत आहे. पण त्या बाबूला मी दिसलेच नाही."

निनाद, तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. ती दुःखी नसायची, ती रागावलेली असायची. या दोन गोष्टींत फरक असतो, आणि तो कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

मग त्याच सुमाराला सरकारने खालच्या पदांवर अपंगांसाठी काही जागा राखून ठेवल्या आणि तुला एका मंत्रालयात कारकुनाची नोकरी लागली. घरात पेढे वाटले. तुझा विभाग वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट साहेब लोकांसाठी. तू पहिल्याच दिवशी लिफ्टसमोर उभी राहिलीस. लिफ्टवाला म्हणाला, "यह अफ़सरों के लिए है।" तू म्हणालीस, "सरकारने मला नोकरी दिली आहे, ती जिन्यावर बसून करायची का?" हे तू हिंदीत म्हणालीस, अर्थातच, आणि रागात तू इतकं भरभर बोलायचीस की त्याला बहुधा कळलंच नसेल. पण त्याने दार उघडलं. पुढे तीस-पस्तीस वर्षं तू सरकारच्या आत बसलीस, सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झालीस, आणि सरकारला शिव्या देणाऱ्यांना तू नेहमी थांबवायचीस. "सरकार दुष्ट नसतं गं. ते विसरभोळं असतं. कायदा करून ठेवतं आणि विसरतं. मग कोणालातरी दारात जाऊन उभं राहावं लागतं."

अपंगांच्या हक्कांचा पंचाण्णवचा कायदा आला तेव्हा तू तो आणून टेबलावर ठेवलास आणि मला मोठ्याने वाचायला लावलंस, कारण माझे इंग्रजी उच्चार चांगले. सरकारने रस्ते, इमारती, गाड्या सगळ्यांना वापरता येतील अशा कराव्यात, असं त्यात होतं. आणि लगेच पुढे, आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. "थांब, परत वाच," तू म्हणालीस. मी परत वाचलं. "हीच ती पळवाट. मी स्वतः अशी वाक्यं रोज लिहिते." नंतर दोन हजार सोळाचा कायदा आला, त्यात मतदान केंद्रांचं स्वच्छ लिहिलेलं होतं, की ती अपंगांना पोहोचता येतील अशी असली पाहिजेत. तेही तू मला वाचायला लावलंस. या वेळी परत वाच म्हणाली नाहीस. चष्मा काढून पुसत बसलीस.

तोपर्यंत कुबड्या गेल्या होत्या आणि बॅटरीवर चालणारी जड खुर्ची आली होती. निवृत्तीनंतर तू इमारती तपासायला जाऊ लागलीस. ज्या कचेऱ्यांना आपले रॅम्प नीट आहेत का हे पाहायचं असे, त्या तुझ्यासारख्या माणसांना बोलावत. मीही कधीकधी बरोबर यायचे, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन. तुझ्या पर्समध्ये तेव्हा नेहमी एक लिंबू असायचं. रॅम्प चढून झाला की तू दारासमोरच्या सपाट जागेवर ते लिंबू ठेवायचीस आणि वाट बघायचीस. इंजिनियर लोक मोजपट्टी घेऊन उताराबद्दल बोलत राहायचे. तुझं लक्ष लिंबाकडे. "चढता येतं हे कळलं. पण वर पोहोचल्यावर दार उघडायला, पर्समधून कार्ड काढायला, जरा श्वास घ्यायला माणसाला थांबायला नको का? खुर्ची मागे घसरायला लागली तर मी दार कुठल्या हाताने उघडू? लिंबू थांबलं पाहिजे."

एका कचेरीच्या पहारेकऱ्याने तुझं लिंबू पाहिलं आणि ही करणी आहे असं वाटून तो घाबरून धावत आला. "मैडम, यह टोटका यहाँ मत कीजिए, साहब नाराज़ होंगे।"

"टोटका ही है, भैया," तू गंभीर चेहऱ्याने म्हणालीस. "इसका असर सीधे ठेकेदार पर होता है।"

परतताना गाडीत आपण दोघी इतक्या हसलो की ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिलं. विजू, मला तेवढंच आठवत राहिलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण मला आठवतो तो यंदाचा मे महिना. लोकसभेच्या मतदानाआधी मतदार यादीचं काम करणाऱ्या एक शिक्षिका घरी आल्या. गोड मुलगी होती, उन्हाने तोंड लाल झालेलं. मी तिला पन्हं दिलं. ती म्हणाली, "आंटीजी, आपके लिए तो अब घर पर ही सुविधा है। पूरी टीम आएगी, कैमरा भी आएगा। आप बस बैठी रहिए।"

"बैठी तो मैं हूँ ही," तू म्हणालीस. "पर वोट डालने मैं आऊँगी।"

ती गेल्यावर मी तुझ्यावर तुटून पडले. बाहेर पंचेचाळीस डिग्री, तुझी छाती आधीच नाजूक, सरकार स्वतः घरी यायला तयार आहे, पेटी दारात येते आहे, आणखी काय पाहिजे?

"वहिनी, हे चांगलं काम आहे. पलंगावरून उठता येत नाही त्याच्यासाठी फार चांगलं आहे. पण मला उठता येतं. मला घराबाहेर पडता येतं. आमच्यासारखे सगळे घरी बसून मत द्यायला लागले, तर शाळेचा रॅम्प कोण बांधेल? म्हणतील, येतंय कोण?"

"आणि कोणाला उठता येतं, कोणाला नाही, हे कोण ठरवणार?"

"ज्याचं त्याने. माझं मी ठरवलं."

"तुझी छाती ठरवेल एक दिवस," मी म्हटलं. मी पन्ह्याचे पेले उचलून आत गेले.

मतदानाच्या दिवशी आपण सकाळीच निघालो. शाळा जवळच, बागेच्या पलीकडे. शाळेत रॅम्प होता! चांगला लांब, कठडा लावलेला, नुकताच पिवळा रंग दिलेला. फाटकाशी खांद्यावर पट्टा लावलेला एक स्वयंसेवक चाकांची खुर्ची ढकलत धावत आला, "मैडम, व्हीलचेयर हाज़िर है!"

"बेटा, एक में बैठी हूँ, दूसरी में क्या रखूँ?"

तो खो खो हसला, तूही हसलीस. मग आपण रॅम्प चढलो आणि कळलं की मतदान त्या खोलीत नाहीच. त्या खोलीचा पंखा बंद पडला होता, म्हणून आदल्या दिवशी केंद्र पलीकडच्या खोलीत हलवलं होतं. मधला व्हरांडा तुटका, आणि त्या खोलीला दोन पायऱ्या. रॅम्पच्या खोलीत मतदान कर्मचाऱ्यांच्या सतरंज्या आणि जेवणाचे डबे होते.

केंद्राधिकारी बाहेर आले. सज्जन माणूस, शर्ट घामाने भिजलेला, हात जोडलेले. "मैडम, माफ़ कीजिए। दो मिनट की बात है। जवान हैं, कुर्सी समेत उठा लेंगे। आपको पता भी नहीं चलेगा।"

जवान तयारच होते. चार धट्टीकट्टी मुलं, पुढे सरसावलेली. मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, या वयात, या उन्हात, तू हो म्हणशील.

"नहीं," तू म्हणालीस. "मुझे कोई उठाएगा नहीं।"

"मैडम, फिर कैसे होगा?"

"नहीं होगा। आप अपनी डायरी में लिख लीजिए, एक वोटर दरवाज़े तक आई थी, अंदर नहीं आ सकी।"

ते खरोखर अडचणीत पडले. "मैडम, ऐसा कोई कॉलम नहीं है।"

"तो बनाइए।"

आणि तू खुर्ची वळवलीस. मला म्हणालीस, "तू जा, देऊन ये. तुला पाय आहेत." मी गेले. रांगेत उभी राहिले, बटण दाबलं, बाहेर आले. तू कडुनिंबाखाली थांबली होतीस. घरी येईपर्यंत मी माझा डावा हात पदराखाली धरून ठेवला होता. त्यावरची ओली शाई तुला दिसू नये असं मला वाटत होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला दिसलंच असेल. तुला सगळं दिसायचं.

घरी आल्यावर मात्र मी गप्प बसले नाही.

"दोन मिनिटांचा प्रश्न होता, विजू!"

"जन्मभर दोन मिनिटांचाच प्रश्न आहे, वहिनी."

"एवढं मताचं महत्त्व, आणि ते वाया घालवून आलीस."

"मी घालवलं?" तू इतकंच विचारलंस.

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, अजूनही आहे. मत हे मत असतं. मोजणारा यंत्रातला आकडा मोजतो, कोण कसं आत आलं ते मोजत नाही. त्या दिवशी तुझं मत नाही म्हणजे नाहीच. तू म्हणायचीस, आत कसं जाता यालाही मत म्हणतात. आपण दोघी या मुद्द्यावर जूनभर भांडलो, टेबलाशी, गच्चीत, टीव्हीसमोर. एकमत झालं नाही. आता होणारही नाही, कारण मी माझी बाजू बदललेली नाही आणि तुझी बाजू मांडायला तू नाहीस. मी कधीकधी दोन्ही बाजूंनी भांडून पाहते. तुझ्या बाजूने बोलताना मी जास्त चांगली बोलते, हे मला मान्य करावं लागतं.

हरियाणात लगेच विधानसभेची निवडणूक येत होती, म्हणून पावसाळ्यात केंद्रांची पाहणी सुरू झाली आणि तुला बोलावणं आलं. त्या केंद्राधिकाऱ्यांनी वर काय कळवलं, कॉलम बनवला की नाही, आपल्याला कधीच कळलं नाही. पण बोलावणं आलं. एक तरुण इंजिनियर होता, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, फाटकावरचा पहारेकरी होता. तू सांगितलंस की रॅम्प एका खोलीला नको, सगळ्या व्हरांड्याला पाहिजे, म्हणजे मतदान कुठल्याही खोलीत हललं तरी चालेल. आणि निवडणूक रोज नसते, शाळा रोज असते, मुलं येतील. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हमारे यहाँ तो ऐसा कोई बच्चा नहीं है।" तू म्हणालीस, "आएगा कैसे?"

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा व्हरांडा नवा झाला होता. तू वर जाऊन लिंबू ठेवलंस. ते क्षणभर थांबलं, मग निघालं, आणि टुणटुण उड्या मारत बाजूच्या गटारात गेलं. "टोटका!" म्हणत इथलाही पहारेकरी मागे सरकला. इंजिनियर म्हणाला, "मैडम, पानी निकलने के लिए थोड़ा ढाल तो रखना पड़ता है।"

"थोड़ा रखो ना. नींबू को पता नहीं चले, इतना रखो।"

तिसऱ्यांदा मी आले नाही, मला ताप होता. तू एकटीच गेलीस आणि परत येऊन पर्समधून ते लिंबू काढून माझ्या उशाशी ठेवलंस. "थांबलं," म्हणालीस. त्याच लिंबाचं सरबत करून मला दिलंस.

ऑक्टोबरमध्ये तू मत दिलंस. तो दिवस सांगण्यासारखा नव्हताच, हीच त्यातली गंमत. कोणी धावत आलं नाही, कोणी हात जोडले नाहीत. तू रांगेत होतीस, तुझ्या पुढे एक भाजीवाली बाई, तुझ्या मागे मी. तुझं नाव पुकारलं, तू आत गेलीस, बाबूने शाईची काडी पुढे केली आणि तू डावा हात टेबलावर ठेवलास. त्याने शाई तुझ्याच बोटाला लावली. पलीकडे यंत्राचा तो लांब आवाज झाला. बाहेर आल्यावर मला वाटलं तू काहीतरी मोठं बोलशील. तू म्हणालीस, "वहिनी, भूक लागली. छोले-भटुरे खाऊ या?"

घरी आल्यावर तू यांच्या फोटोसमोर बोट धरलंस. "दादा, बघ. गाडी न घेता गेले." मग पहिल्यांदा त्या जुन्या किश्श्याला तू हसलीस. हसता हसता तुला खोकला आला. तो खोकला मग गेलाच नाही.

दिवाळीनंतरची इथली हवा तुला माहीत आहे. खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती. तुझी छाती भरली आणि आपण हॉस्पिटलमध्ये गेलो. तिथला वॉर्डबॉय कामसू होता, आला की काखेत हात घालून तुला सरळ वर ओढायचा. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलता येत नव्हतं, तरी तू बोट वर केलंस. त्याला कळेना. मी म्हटलं, "भैया, पहले पूछिए।" तो गोंधळला, पण चांगला होता. मग दर वेळी विचारू लागला, "उठाऊँ, माताजी?" तू मान हलवायचीस. शेवटच्या सकाळीही त्याने विचारलं. तू मान हलवलीस.

घरी आणल्यावर मी तुझे हात पुसले. डाव्या हाताच्या बोटाच्या नखावर ती शाई अजून होती, वाढत्या नखाबरोबर जराशी पुढे सरकलेली.

मग न्यायची वेळ झाली. चौघेजण पुढे झाले, भाटियांचा मुलगा, माझे दोन भाचे, समोरचे शर्माजी. त्यांनी खाली वाकून हात घातले आणि मी म्हटलं, "थांबा." सगळ्यांना वाटलं काही विधी राहिला. मी तुझ्या कानाशी वाकले आणि विचारलं, "विजू, उचलू का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तू मला उत्तर दिलं नाहीस.

त्यांनी तुला उचललं. पायऱ्यांकडे वळत होते, तेव्हा मी सांगितलं, रॅम्पवरून न्या. तशीच तू इमारतीतून बाहेर गेलीस, जशी रोज जायचीस.

तू मला कधी 'थँक यू' म्हणाली नाहीस, मीही तुला कधी 'तुझं बरोबर होतं' म्हटलं नाही. आपल्यात ती पद्धतच नव्हती. तू लिंबाचं सरबत द्यायचीस, मी छत्री धरायचे. आज मला वाटतं, एकदा तरी शब्दांत म्हणायला हवं होतं. पण काय म्हटलं असतं, तेही नक्की सांगता येत नाही. माझा उजवा गुडघा आता कुरकुरतो. पाच वर्षांनी तो पार बिघडला आणि ती गोड मुलगी पुन्हा येऊन म्हणाली की आंटीजी, घर पर ही सुविधा है, तर मी कदाचित हो म्हणेन. तेव्हा तू माझ्यावर रागवायचं नाहीस. ठरवायचं ज्याचं त्याने, हे तूच म्हणाली होतीस. पण शाळेचा रॅम्प तिथे आहे म्हणून माझं ते 'हो' खरं असेल. नाहीतर ते नुसतं नाइलाजाचं झालं असतं. हे मला तुझ्यामुळे कळलं, आणि हे कळायला तुला जावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

इरा, निनाद, परवा दुपारी मी एकटीच शाळेपर्यंत चालत गेले. मुलं मधल्या सुट्टीत बाहेर होती आणि रॅम्पवरून पळत खाली येण्याची शर्यत लावत होती. पहारेकऱ्याने मला ओळखलं. "टोटके वाली मैडम नहीं आईं?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून ठेवली.

मी पर्समधून लिंबू काढलं आणि वरच्या सपाट जागेवर ठेवलं. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. एक मुलगी पळता पळता थांबून बघू लागली.

तुमची आत्याआजी आता नाही. शाळेचा रॅम्प आहे, आणि त्याच्या वर लिंबू थांबतं.